कूलरसकट

हर्षदीपची ताई लीड्सला नर्स होती.
तिच्या वॉर्डात पाय मोडून पडलेल्या एका पोरानं
घरी जाताना तिच्या हातात सीडी ठेवली.
माझ्या भावाचा बँड, म्हणाला, पहिलाच अल्बम.
ताईनं ती स्वेटरमध्ये गुंडाळून पाठवली
मे महिन्यात, नागपूरला.
स्वेटर.

कस्टमचं स्टिकर नेमकं बँडच्या नावावर.
नखानं काढायला गेलो तर नावच निघून आलं,
तेव्हा नाव विचारू नका.
कव्हरवर एक ओला बसस्टॉप
आणि चार पोरं, ज्यांना दोन दिवस
कुणी जेवायला वाढलं नसावं.

आमच्याकडे सीडी प्लेअर नव्हता.
हर्षदीपच्या स्पीकरपुढे टेपरेकॉर्डर ठेवला,
दोन बटणं एकदम दाबली
आणि बेचाळीस मिनिटं हूं की चूं न करता बसलो.
कूलर तेवढा बंद केला नाही.
बाहेर सेहेचाळीस डिग्री होतं.
कूलर बंद केला असता तर आम्हीच बंद पडलो असतो.

वाळ्याचा वास सोडून सगळं भरलं गेलं.
पाण्याची टपटप, पात्याचं घासणं,
आणि तिसऱ्या-चौथ्या गाण्याच्या मधोमध हर्षदीपची आई,
"काऊन बे, टाकीत पाणी कोन टाकन?"
इतक्या नेमक्या जागी
की कितीतरी वर्षं मला वाटायचं,
चौथं गाणं तिलाच उत्तर देतंय.

घरी ऐकायचं म्हणजे हळू.
बाबा रात्रभर आमल्यापर्यंत मालगाडी हाकायचे
आणि दिवसा अजनीच्या क्वार्टरात झोपायचे,
पडद्याला अंधार मानून.
तिकडे त्या पोरांनी गिटारी फोडायच्याच बाकी ठेवलेल्या,
गाणारा घसा खरवडून ओरडतोय,
बहुतेक एका मुलीवर, बहुतेक घरभाड्यावर,
आणि मी ते सगळं बाबांच्या घोरण्याखाली मावेल
इतकं बारीक करून, जाळीला कान लावून.
ओरडणारी माणसं हळू ऐकली
की विनवणी करतायत असं वाटतं.

कॅसेट बाबांची होती.
बी बाजूवर इंदोऱ्यातल्या एका रात्रीची भीमगीतं,
मंडपात टेप डोक्यावर धरून त्यांनीच भरलेली.
मी विचारलं नव्हतं.
लीड्सची शेवटची झांज विरते न विरते
तोच उरलेल्या टेपवरून ढोलकी उसळायची,
एक बाई अर्ध्या ओळीपासून गायला लागायची,
मागे पन्नास माणसांचा कोरस,
आणि खट्. बटण वर.

चौदा एप्रिलच्या आदल्या संध्याकाळी बाबांनी ती लावली.
मी आत, हात कणकेत.
पहिली गिटार वाजली. त्यांनी वाजू दिली.
अख्खी बाजू वाजू दिली.
ढोलकी आली तेव्हा म्हणाले,
"इतलंच ठेवलं काय वं?"
आणि चहा मागितला.

त्या पोरांनी दुसरा अल्बम केलाच नाही.
गाणारा शाळेत भूगोल शिकवतो म्हणे.
परवा कुणीतरी तो अल्बम इंटरनेटवर टाकलेला सापडला.
बाबांना आता कमी ऐकू येतं, इंजिनानं कान नेले,
म्हणून मी आवाज पार वरपर्यंत नेला,
आयुष्यात पहिल्यांदा.

स्वच्छ. पुसलेल्या फरशीसारखा,
पाय कुठे ठेवावा कळेना.
तिसरं संपलं. पाण्याचं कुणी विचारलं नाही.
चौथं उगाचच सुरू झालं.
बाबा खाटेवर, डोळे मिटून.
शेवटची झांज विरली,
आणि नुसती विरलीच.

मी बंद करायला उठले,
तर त्यांनी हात वर केला,
थांब.